सोलापुरात पायी फिरताना भिंतींवर, दगडांवर, उंबऱ्यांवर काय काय सापडलं? (फोटो आणि पत्ते जमवूया)

तलावकाठ (धागाकर्ता)
रविवार, सकाळी 11:20

नमस्कार मंडळी. बारा वर्षं पुण्यात काढून मागच्या वर्षी सोलापुरात परत आलो. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही सोबत निघायला लागलो. अप्पांच्या चालीनं ज्या गल्लीला आता दहा मिनिटं लागतात, ती मी गाडीवरून आयुष्यभर दहा सेकंदांत ओलांडत आलो होतो. एवढ्या सावकाश चाललं की डोळे आपोआप भिंती वाचायला लागतात.

आमचा रोजचा रस्ता पंचकट्ट्यावरून, भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकडेनं पार्क चौक आणि मग चार पुतळा. लहानपणी चार पुतळा म्हणजे माझ्यासाठी रिक्षा मिळायची जागा होती. आता अप्पा तिथं रोज दम खायला थांबतात, म्हणून मी पहिल्यांदा नीट बघितलं. स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांचे पुतळे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. चारही नावं सलग मोठ्यानं वाचून बघा, चार वेगळ्या समाजांतली माणसं एका ओळीत उभी आहेत. चाळीस वर्षांचा होईपर्यंत मी ती कधी एका दमात वाचली नव्हती, याचं खरंच वाईट वाटलं.

पण धागा काढायचं कारण दुसरं आहे. रविवारी आम्ही रिक्षानं पूर्व भागात जातो आणि तिकडं चालतो. मागच्या महिन्यात जोडभावी पेठेच्या मागच्या अंगाला, एका बंद गोदामाच्या भिंतीवर चादरीची जुनी जाहिरात दिसली. हातानं रंगवलेली. घडी घातलेली चादर, तिच्या काठावर मोर, आणि दुकानाचं नाव तीन लिप्यांत: मराठी, कन्नड, तेलुगू. अक्षरांना खालून उजवीकडं तपकिरी शेड. ऊन-पावसानं पिवळा रंग पार उडालाय, पण मोराच्या मानेचा निळा अजून तसाच. खाली कोपऱ्यात पेंटरची सही आहे. त्यातलं नाव गेलंय, फक्त 'आर्ट्स' आणि पाच आकडी फोन नंबर उरलाय. अप्पा पंधरा मिनिटं उभे होते. गुडघ्याची आठवणही निघाली नाही.

तिथून चार गल्ल्या पुढं एका लिंबाखाली कोरीव दगड आहे. गुडघ्याएवढा उंच, तीन खणांचा. वर चंद्र-सूर्य, खाली घोडा असावा. असावा म्हणतो, कारण सगळ्या दगडाला चंदेरी ऑइलपेंट फासलाय. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, आहे का?

तुम्हाला चालताना असं काय दिसलंय ते लिहा. संग्रहालयातलं नको, रस्त्यावरचं हवं. आणि त्या दगडाचा रंग काढायला काय वापरावं, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

माहेरवाशीण
रविवार, दुपारी 1:05

किती दिवसांनी असा धागा! वाचतेय. माझं माहेर बाळीवेशीतलं. सिद्धेश्वराच्या जत्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, जायच्या त्या रस्त्यावर आदल्या रात्रीपासून रांगोळ्या पडायच्या, आम्ही मुली रात्री जागून त्या बघत हिंडायचो. सकाळी सातही नंदीध्वज त्यावरून जायचे, बाराबंदीतली हजारो माणसं जायची आणि दुपारपर्यंत रस्त्यावर नुसता रंगीत धुरळा उरायचा. कुणालाच त्याचं वाईट वाटायचं नाही. पायाखाली जाण्यासाठीच ती काढलेली असायची.

आणि होमाच्या दिवशीची कुंभारकन्या! बाजरीच्या पेंढ्यांची बांधलेली, शालू नेसवलेली, आणि मग अग्नीला दिलेली. मी लेकीला दाखवायला मुद्दाम जानेवारीत येते.

चुना_आणि_दगड
रविवार, दुपारी 2:40

तलावकाठ, आधी कळकळीची विनंती: त्या दगडाला काहीही लावू नका. थिनर नाही, ॲसिड तर नाहीच नाही, तारेचा ब्रशही नाही. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी वीस वर्षं गेली आहेत. चांगल्या हेतूनं घासलेले दगड मी खूप बघितलेत. रंगासोबत वरचा पापुद्रा निघतो आणि नाक-डोळे कायमचे जातात.

वर्णनावरून वीरगळच वाटतोय. तो खालून वर वाचायचा. तळाच्या खणात लढाई, वीर तिथं पडलेला. मधल्या खणात अप्सरा त्याला वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो. त्यावरचे चंद्र-सूर्य म्हणजे ते जोवर आहेत तोवर याची कीर्ती राहो. घोडा खालच्या खणात असेल तर वीर घोडेस्वार होता. गाई असतील तर गोधन सोडवताना पडला. तळाशी सपाट पट्टी आहे का ते बघा, काही वीरगळांवर तिथं लेख असतो आणि आपल्या भागात तो बहुधा जुन्या कन्नडात असतो.

ऑइलपेंटचा खरा त्रास असा की दगडाचं तोंड बंद होतं. जमिनीतून चढलेला ओलावा बाहेर पडत नाही, त्यातले क्षार रंगाच्या आड साचतात आणि मग पृष्ठभाग रंगासकट सुटतो. आपला काळा बेसाल्ट टणक असल्यानं हे सावकाश होतं, पण होतं. रंग काढायची रीत आहे. विद्रावक भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप देतात, तोही आधी नखाएवढ्या जागेवर करून बघतात. हे जाणकारानंच करायचं काम आहे.

आत्ता तुम्हाला करता येण्यासारखं एकच: सकाळी सातच्या आत जा. ऊन तिरपं असताना बाजूनं फोटो काढा. चंदेरी रंगाखालचं कोरीवकामसुद्धा सावलीत उठून दिसेल.

वेस
रविवार, दुपारी 4:15

रंगाचं बोलायलाय तुम्ही, पण तो रंग लावला कुणी ते विचारलं का? आमच्या विजापूर वेशीत पण असे दगड हायत. कुणीतरी दिवा लावतंय, कुणी तेल घालतंय. त्या माणसाला न विचारता लेप-बिप काढायला गेलात तर ते बरोबर नव्हं. ज्यानं चंदेरी लावला त्यानं देव उजळावा म्हणूनच लावला असणार.

चुना_आणि_दगड
रविवार, दुपारी 4:50

वेस, शंभर टक्के बरोबर. मी हे आधी लिहायला हवं होतं. दिवा लावणारा माणूस आहे म्हणूनच तो दगड अजून जागेवर आहे. नाहीतर कधीच कुणाच्या पायऱ्यांत बसवला गेला असता.

पेठकर_71
रविवार, सायंकाळी 6:30

विषय चांगला आहे, पण थोडी गल्लत होतेय असं वाटतं. पुतळे, इंद्रभुवनसारखी इमारत, किल्ल्यातले कोरीव खांब, ही सार्वजनिक कला म्हणून मान्य. नंदीध्वजही मान्य, ती परंपरा आहे. पण चादरीच्या दुकानाची जाहिरात? ती व्यापाऱ्यानं पैसे देऊन माल खपवायला काढून घेतली होती. रंग उडाला म्हणून ती कला होत नाही. अशानं उद्या आपण प्रत्येक जुनी पाटी जपत बसू आणि खरोखर जपायच्या गोष्टींकडं लक्ष राहणार नाही. आपल्या शहराकडं पैसा आणि माणसं दोन्ही मोजकी आहेत, म्हणून हे लिहितोय.

पुणेमुक्कामी
रविवार, सायंकाळी 7:10

पेठकर, इथंच माझं जुळत नाही. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं. तीही पैसे देऊनच काढून घेतलेली होती. इंद्रभुवनही अप्पासाहेब वारदांनी स्वतःला राहायला बांधलं, ते महापालिकेकडं नंतर आलं. कुणी, कशासाठी पैसे दिले यावरून कला ठरवायला गेलं तर त्या इमारतीवरची चुन्यातली वेलबुट्टीसुद्धा बाद होईल.

पेठकर_71
रविवार, रात्री 8:00

हुसेन यांचं उदाहरण चपखल आहे, पण ते पुढं हुसेन झाले म्हणून आपण ते होर्डिंगचे दिवस आठवतो. जोडभावी पेठेतला पेंटर कोण, हे कुणाला माहीत आहे?

ब्रशवाला
रविवार, रात्री 10:35

मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचतो. नातवानं मराठी टायपिंग लावून दिलंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

पस्तीस वर्षं मी सोलापुरात पेंटर होतो. दुकानाच्या पाट्या, टेम्पोचे फाळके, भिंती, निवडणुका, सिनेमाचे बॅनर, सगळं केलं. फ्लेक्स आलं आणि दोन-तीन वर्षांत काम बसलं. त्याबद्दल आता तक्रार नाही, पण कला का नाही असं पेठकर साहेबांनी विचारलंय म्हणून ती भिंत कशी झाली असेल तेवढं सांगतो.

आधी भिंत खरवडून घ्यायची. चुन्याचा हात, तो वाळला की वर पांढरा प्रायमर. मग गेरूच्या पाण्यात बुडवलेलं सूत दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचं आणि मधे चिमटीत उचलून सोडायचं. भिंतीवर सरळ लाल रेघ उमटते. अशा वर-खाली दोन रेघा मारल्या की त्यात अक्षर बसवायचं. मराठीची शिरोरेषा वरच्या रेघेला टेकते. कन्नड आणि तेलुगूला शिरोरेषा नाही. ती अक्षरं गोल, त्यांना डोक्यावर आणि पोटाखाली जास्त जागा लागते. तिन्ही लिप्या एका भिंतीवर एकाच वजनाच्या दिसायला हव्यात. मराठी मोठी आणि बाकीच्या बारीक असं झालं तर गिऱ्हाईक बोलायचं, 'आमचं नाव का बारीक केलं?' आम्हाला लिहिता यायच्या सगळ्या लिप्या, वाचता एखादीच यायची. कन्नड मी चित्र म्हणून शिकलो, अर्थ नंतर कळला.

मोरासारखं नक्षीचं काम असेल तर आधी कागदावर पूर्ण मापाचं काढायचं. मग सुईनं रेघेवर जवळजवळ भोकं पाडत जायचं. तो कागद भिंतीला चिकटवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. भोकांतून ठिपके भिंतीवर उतरतात. त्याला आम्ही खाका म्हणायचो. एकदा केलेला खाका वीस भिंतींना चालायचा. उस्तादाचा खाका मिळणं म्हणजे मोठी गोष्ट होती.

शेड खाली उजवीकडं आहे म्हणता. म्हणजे उजेड वरून डावीकडून धरलाय. हे प्रत्येक पेंटरचं ठरलेलं असायचं, त्यावरूनसुद्धा हात ओळखू यायचा. निळा टिकला आणि पिवळा गेला, यावरून मोराला भारी इनॅमल वापरलंय आणि अक्षरांना हलकं. मालकानं पैसे सगळ्याचे सारखेच दिले असणार. मोर पेंटरनं स्वतःच्या मनानं भारी केलाय.

वय काढायचं असेल तर सांगतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे का बघा. पिनकोड 1972 ला सुरू झाला. त्याआधी नुसतं 'सोलापूर 2' असं लिहायचे. इंग्रजीत असेल तर शोलापूर आहे की सोलापूर ते बघा. पाच आकडी फोन म्हणजे निदान पंचवीस-तीस वर्षं तरी झाली.

फोटो मोठा करून टाकाल का? विशेषतः 'र' अक्षराचा.

माहेरवाशीण
रविवार, रात्री 11:02

काका, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. 'मोर पेंटरनं स्वतःच्या मनानं भारी केलाय'. अजून लिहा, कृपा करून लिहीत राहा.

पेठकर_71
सोमवार, सकाळी 8:20

ब्रशवाला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कालचं माझं म्हणणं मी मागं घेतो. आमच्या घराच्या भिंतीवर वडिलांच्या दुकानाची पाटी अशीच रंगवलेली होती, मीच ती 2008 मध्ये पांढरी करून घेतली. रात्रभर तेच डोळ्यापुढं होतं.

भीमाकाठ
सोमवार, सकाळी 9:45

रस्त्यावरचं म्हणालात, पण शहराबाहेरचं एक लिहू देता का? आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे, भीमा आणि सीनेचा संगम. शहरापासून साधारण 40 किलोमीटर. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 चा लेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या कोरीव लेखांत तो धरतात. त्याची शेवटची ओळ: 'वाछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल.

मला हे फार आवडतं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहिलं आणि आशीर्वाद दिला तो वाचणाऱ्याला. बांधणाऱ्याला नाही, देणगी देणाऱ्यालाही नाही. तिथंच 359 मुखांचं शिवलिंगही आहे. प्रत्येक चेहरा वेगळा. आम्ही शाळेत असताना मोजायला बसायचो आणि दरवेळी हिशोब चुकायचा.

ब्रशवाला काका, तुम्ही अर्थ न कळता कन्नड लिहायचात, ते वाचून या लेखाचा कोरक्या डोळ्यापुढं आला. त्याला तरी ते वाचता येत होतं का, कुणास ठाऊक.

जकार्ड
सोमवार, दुपारी 12:30

आमचं घर पूर्व भागातलं, तिसरी पिढी मागावर. घरात तेलुगू, दारात मराठी. तुम्ही सगळे भिंतीकडं बघायलाय, जरा खाली बघा. आमच्या गल्लीत पहाटे पाचला आई-काकू दारात पाणी शिंपडून मुग्गू, म्हणजे आमची रांगोळी, काढतात. धनुर्मासात तर रोज मोठं. आधी ठिपके, त्याला चुक्कलु म्हणतात. पंधरापासून सुरू करून दोन्हीकडं एकेक कमी करत आणायचे. मग एकच रेघ, न उचलता, ठिपक्याला न शिवता त्याच्याभोवती वळत जाते आणि जिथून निघाली तिथंच येऊन मिळते. आईला शाळा नाही. पण एक ठिपका चुकला तर ती लांबून सांगते, तिसऱ्या ओळीत एक जास्त आहे म्हणून. साडेसहाला पहिली सायकल त्यावरून जाते.

आता हे चादरीशी जोडून बघा. आमच्याकडं डिझाइनर चादरीचा मोर आधी चौकटीच्या ग्राफ कागदावर काढतो. एक चौकट म्हणजे ताण्याचा (उभ्या धाग्याचा) आणि बाण्याचा (आडव्या धाग्याचा) एक छेद. मग त्या ग्राफवरून जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राचे, पत्ते पंच करायचे. जिथं भोक तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, जिथं भोक नाही तिथं तो खाली राहतो. बाण्याच्या एका धाग्याला एक पत्ता. अख्ख्या चादरीच्या नक्षीला पत्त्यांची माळ होते, ती मागाच्या डोक्यावरून साखळीसारखी फिरत राहते. चादरीच्या काठावर विणलेलं सोलापूरचं नावसुद्धा असंच भोकांतून येतं. आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर होतं, पण आमच्या माळ्यावर जुन्या पत्त्यांच्या माळा अजून टांगलेल्या आहेत.

काल काकांचा खाका वाचला आणि उठून माळ्यावर जाऊन आलो. भोकं पाडलेला कागद! भिंतीवर मोर उतरवायला तोच, चादरीत उतरवायलाही तोच.

पुणेमुक्कामी
सोमवार, दुपारी 1:15

जकार्ड, माळ्यावरचे फोटो टाकाच. आईंच्या मुग्गूचाही, त्यांची परवानगी असेल तर.

वेस
सोमवार, सायंकाळी 7:40

तलावकाठ भाऊ, आज दुपारी मोकळा होतो म्हणून तुमच्या वर्णनावरनं लिंबाखालचा दगड शोधत गेलो. सापडला. समोरच्या घरातल्या आजी दिवा लावतात. कन्नड बोलतात, मराठी पण येतं. त्यांना विचारलं, हे कोण? म्हणाल्या, 'वीरप्पा. आमच्या सासूबाई पूजा करायच्या, मी करते.' रंग त्यांच्या मुलानं लावलाय, आधी शेंदूर होता, पावसात ओघळायचा म्हणून. खालचा घोडा दाखवला तर म्हणाल्या, 'आधी दिसायचा, लगाम धरलेला हात पण दिसायचा.' रंग लावल्यापासून दिसत नाही याचं त्यांनाच वाईट वाटायलंय. परत रंग लावू नका एवढंच सांगितलं, लगेच हो म्हणाल्या. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. नक्की पत्ता इथं टाकत नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी मला निरोप करा, मी सोबत येतो.

चुना_आणि_दगड
सोमवार, रात्री 9:00

यापेक्षा चांगली बातमी नाही! पत्ता जाहीर न करणंही योग्य, असे दगड उचलून नेतात. मी सोलापुरात आलो की आजींना भेटेन. त्यांची आणि मुलाची तयारी असेल तर एका कोपऱ्यावर चाचणी घेऊन बघता येईल. तोवर त्या दिवा लावताहेत तो जरा दगडापासून हातभर पुढं ठेवायला सांगा. काजळी आणि तेल दोन्ही त्यावर बसणार नाही.

तलावकाठ
मंगळवार, रात्री 10:10

सगळ्यांचे आभार. वेस, तुमचे विशेष. मी महिनाभर त्या दगडासमोरून जात होतो आणि समोरच्या दारात बसलेल्या आजींना एक शब्द विचारला नव्हता.

ब्रशवाला काका, 'र' चा फोटो टाकलाय. भिंतीवर सहा आकडी पिनकोड आहे, इंग्रजी नाही. आज एक अडचण कळली. गोदामाचे मालक भेटले. सज्जन माणूस, पण भिंत ओलीनं फुगलीय आणि बांधकाम पाडून नवीन करायचं ठरलंय. दिवाळीनंतर काम सुरू. मी भिंत वाचवता येईल का म्हणून विचारलं, तर त्यांनी मला आत नेऊन आतली बाजू दाखवली. विटा हातानं निघताहेत. मागं मजुरांची मुलं खेळतात. पाडू नका म्हणायला तोंडच उरलं नाही.

ब्रशवाला
मंगळवार, रात्री 11:20

'र' बघितला. पाय बाहेर काढून टोकाला किंचित वर उचललाय. हा माझ्या उस्तादांचा हात. मी त्यांच्याकडं अकराव्या वर्षापासून डबे धुवायला होतो. मोर मी ओळखायला हवा होता, पण फोटोत मान वाकडी दिसत होती.

मला ती भिंत बघायची आहे. सकाळी लवकर नेता का? आणि येताना पतंगाचा नाहीतर ट्रेसिंगचा कागद आणा, मोठा. मेणाचा काळा खडूही. भिंत पडायची तर पडू दे. खाका काढून घेऊ.

माहेरवाशीण
मंगळवार, रात्री 11:31

काका, जा. आणि आम्हाला सगळं सांगा.

तलावकाठ
रविवार, दुपारी 12:45

आज सकाळी जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण अर्ध्या लोकांनी निरोप करून विचारलंय.

काका सव्वासहालाच येऊन उभे होते, हातात जुना चपटा ब्रश. कामाला नाही, भिंत झाडायला. आधी त्यांनी धूळ झाडली, इतक्या हलक्या हातानं की पोपडे आलेला रंगही हलला नाही. मग मोराच्या मानेला बोट न लावता एक वीत अंतरावरून हवेतच ती रेघ परत काढली. दोनदा. कुणीच काही बोललं नाही.

जकार्ड आईंना घेऊन आले होते. पेठकरही आले, पहिल्यांदाच भेटलो, येताना शिडी घेऊन आले. मालकांनी आतून वीज काढून दिली, कारण कोपऱ्यात अंधार होता. ट्रेसिंग पेपरचे आठ तुकडे जोडून भिंतीवर धरले. भिंतीला चिकटपट्टी लावली तर रंग निघेल, म्हणून सगळे कागद माणसांनीच धरले. वरचे दोन कोपरे शिडीवरून पेठकर आणि मी. खालचा एक अप्पांनी. खुर्ची देत होतो, नको म्हणाले, उभे राहिले. पंचेचाळीस मिनिटं. काका रेघेवरून खडू फिरवत होते आणि मधेमधे सांगत होते: इथं उस्तादांनी ब्रश बदललाय, इथं हात थांबलाय, ही तेलुगूची वळणं त्यांनी दुसऱ्याकडून काढून घेतलीत. जकार्डच्या आईंनी तेलुगू ओळ वाचली आणि एक अक्षर चुकलंय म्हणाल्या. काका हसले, म्हणाले, 'उस्तादांनी नाही चुकवलं अम्मा, मी चुकवलं. ती ओळ माझी होती. तेरा वर्षांचा होतो.'

म्हणजे भिंत 1980 च्या आसपासची. काकांचं वय मी इथं लिहीत नाही, पण हिशोब तिथं बसतो.

सहीतलं नावही सापडलं. तिरप्या उजेडात, रंग गेलेल्या जागी गेरूच्या सुताची खूण आणि अक्षरांचा फिका ठसा उरला होता. काकांनी तो वाचला, कागदावर उतरवला, आणि खाली स्वतःचं नाव लिहू का म्हणून विचारलं. मी काय सांगणार? त्यांनी लिहिलं, बारीक अक्षरात, तेलुगू ओळीच्या शेवटी.

गुंडाळी आता आमच्या कपाटावर आहे. काका पुढच्या आठवड्यात सुईनं भोकं पाडायला येणार आहेत. मालक म्हणालेत, नव्या भिंतीला प्लास्टर झालं की आतल्या बाजूला, पाऊस लागणार नाही अशी जागा देतो.

पेठकर_71
रविवार, दुपारी 2:10

माझा खांदा अजून दुखतोय आणि मला फार छान वाटतंय. आमच्या घराच्या भिंतीवरचा पांढरा डिस्टेंपर आहे. खाली जुनं इनॅमल असेल तर वरचा थर निघू शकतो का? चुना_आणि_दगड, ब्रशवाला, दोघांनाही विचारतोय.

चुना_आणि_दगड
रविवार, दुपारी 3:00

निघू शकतो! डिस्टेंपर पाण्यानं भिजतो, इनॅमल भिजत नाही. घासू नका. ओल्या स्पंजनं हातभर जागा भिजवा, दहा मिनिटं थांबा, आणि फोटो टाका. मधे प्रायमर मारला असेल तर मात्र थांबा, मी येईपर्यंत हात लावू नका.

जकार्ड
रविवार, सायंकाळी 5:25

तलावकाठ, एक काम करा. खाक्यावर मोराची चोचीपासून पिसाऱ्यापर्यंत रुंदी किती भरते आणि उंची किती, टेपनं मोजून सांगा. सेंटीमीटरमध्ये. आमचे ग्राफ काढणारे काका आज घरी आलेत, आईनं त्यांना सगळं सांगितलंय. ते विचारतायत, मान किती चौकटींत बसवायची.